आठहातीचं रिकामं पोट

१

"पडद्याकडे नको बघूस. पडदा सगळ्यांचंच लक्ष ओढून घेतो. तू हातांकडे बघ."

हे शिकवणारे म्हातारे पंच केव्हाच देवाघरी गेले होते, पण त्यांचा घोगरा आवाज पंचबाईंच्या कानात अजून तसाच होता. व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना पंच म्हणून उभं राहायचं तर एवढं एक पथ्य पाळायचं, असं ते सांगत. माणसाची लबाडी आधी बोटांत उतरते, तोंडावर मागाहून येते. पंचबाई म्हणूनच बोलत कमी आणि बघत जास्त. आवाज चढवणं तर त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

त्या दुपारी मात्र डोळ्यांआधी कानांनीच त्यांना बोलावलं.

"चोर! घरातलीच चोर आहेस तू!"

जुन्या व्हिडिओ गेमचा मेळावा दुसऱ्या दिवशी सकाळी उघडणार होता. सभागृहाच्या कोपऱ्यातल्या लांब टेबलाशी दादा आणि त्याची धाकटी बहीण समोरासमोर उभे होते. दोघांचा चेहरा एकाच साच्यातला, आणि दोघांच्या कपाळावरची शीर एकाच जागी फुगलेली.

टेबलावर चार जाडजूड जुने टीव्ही पाठीला पाठ लावून मांडले होते, फुगीर काचेचे, उचलायला दोन माणसं लागणारे. मधे एक जुनं कन्सोल. असल्या कन्सोलवर दोघं खेळतात आणि बाकीचे नंबर लावून बसतात. कंपन्यांनी जास्तीचे कंट्रोलर लावायचे जोडडबे काढले, तेही चार-पाच जणांवर येऊन थांबले. पण या टेबलावर आठ कंट्रोलर होते, कारण कन्सोलच्या शेजारी 'आठहाती' होती. जेवणाच्या डब्याएवढी पत्र्याची पेटी. तिच्यामुळे आठ जण एकाच वेळी मोटारींच्या शर्यतीत उतरून एकमेकांच्या उरावर बसू शकत. दादाच्या वडिलांच्या गेम पार्लरमध्ये ती बनली होती. तशी दुसरी कुठे नव्हती. यंदा लोक येणार होते ते तिच्यासाठीच.

"काय झालं?" पंचबाईंनी विचारलं.

दादानं आठहाती उचलून त्यांच्या हातात दिली. पंचबाईंचा हात आपोआप वर गेला, इतकी ती हलकी लागली.

"पोट रिकामं आहे," दादा म्हणाला. "आगीच्या वेळी काय करायचं त्याचं भाषण ऐकायला सगळे पुढच्या हॉलमध्ये गेलो होतो. परत येऊन बघतो तर कन्सोल बंद. चालू केलं तर एकही कंट्रोलर चालेना. उचलली तर ही अशी!"

तो पेचकस घेऊन तिथल्या तिथे पेटी उघडू लागला. चार स्क्रू निघाले, चार घरचे चार. एक लांबडा, एक बुटका, दोन मधले, पण त्यांचेही आटे वेगळे. आत नुसता पत्रा आणि लोंबणाऱ्या आठ तारा. सर्किटची पट्टी गायब.

"आणि हिच्या टेबलावरची सोल्डरिंग गन अजून गरम आहे! हात लावून बघा!"

"गन माझी आहे म्हणून हातही माझाच होता का?" धाकटी कडाडली. "सकाळपासून ती गरमच आहे. मी काम करते, दादा. तुझ्यासारखी फोटो काढत फिरत नाही!"

"पंचबाई, निकाल आज द्यायचा," दादा त्यांच्याकडे वळला. "मेळाव्याच्या समितीला मी सांगून आलोय. मुद्दाम मोडतोड करणाऱ्याचं नाव काळ्या यादीत जातं, हा तुमचाच नियम. पुन्हा कुठल्याही मेळाव्यात हिचा पाय पडता कामा नये. आणि दुरुस्तीच्या दुकानाची चावी हिनं आजच्या आज माझ्या हातावर ठेवायची."

धाकटीचा चेहरा उतरला. दुकान दादाच्या नावावर होतं, पण तिथे बसून जुनी यंत्रं जिवंत करणं एवढंच तिला येत होतं आणि एवढंच तिला आवडत होतं. मेळाव्यांची दारं बंद झाली आणि दुकानही गेलं, तर तिच्या हाताला काम उरलं नसतं.

"सभागृहाचं दार बंद व्हायच्या आत सांगते," पंचबाई म्हणाल्या.

दादा रागारागात पेटी बंद करू लागला. लांबडा स्क्रू एका घरात गेला नाही, दुसऱ्यातही गेला नाही. धाकटीनं पेटी हिसकावून घेतली. "लांबडा मागे, डावीकडे... नाही, उजवीकडे. थांब." तिलाही तीनदा काढघाल करावी लागली.

कन्सोल दादानं मघाशी चालू केलं ते चालूच होतं; पंचबाईंनी टीव्हीची बटणं दाबली. टीव्ही उजळले. शर्यतीच्या चाचणीचे गुण, आठही नावांपुढचे, पडद्यावर जसेच्या तसे उभे होते.

पंचबाईंनी ते गुण दोनदा वाचले. ते तिथे असायलाच नको होते.

२

पंचांच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि तपासणीसाठी ठेवलेलं तसलंच एक जुनं कन्सोल होतं, छोट्या टीव्हीला जोडलेलं. टीव्हीवर शर्यतीचं चित्र चालू होतं.

धाकटी आली तीच तणतणत. बसलीसुद्धा नाही.

"सकाळी तुमचं भांडण झालं, ते मी लांबून ऐकलं," पंचबाई म्हणाल्या. "गुण पुसले जाण्यावरून ना?"

"त्यावरून सुरू झालं. कॅसेटमध्ये छोटा सेल असतो, तो गुण धरून ठेवतो. पण बंद करताना वीज हिसका देते आणि गुण जातात. मी खटका बंद केला तरी चारपैकी तीनदा जातात. दादा तर काय, सरळ भिंतीतून पिनच उपटतो! दोनदा चाचणी घेतली, दोनदा यानं पुसली. म्हणून तिसऱ्यांदा मी कन्सोल चालूच ठेवलं आणि वर कागद चिकटवला, 'बंद करू नका' असा."

"आणि मग भांडण आठहातीवर गेलं."

धाकटीनं ओठ चावला. "त्या टोपीवाल्या संग्राहकाला विकायला निघालाय तो. मेळावा झाला की आठहाती काचेच्या कपाटात जाणार. खेळायची वस्तू आहे ती! मी म्हटलं, तुझ्या हातून ती विकली जायच्या आत मी तिचे तुकडे करीन."

"असं म्हणालात?"

"म्हटलं. चारचौघांत म्हटलं. रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतं. पण पंचबाई, मी तिचे तुकडे करायचे म्हणजे..." तिनं वाक्य तिथेच तोडलं. "भाषण चालू असताना मी फोन घ्यायला बाहेर गेले होते. कोणी बघितलं नाही मला. झालं समाधान? लिहा नाव."

"तुमच्या वहिनी, दादांच्या बायको, कुठे होत्या?"

"वहिनी?" धाकटी फस्सकन हसली. "तिला विचारून काय उपयोग? वायर आणि सुतळी तिला सारखीच. दादानं सकाळी आठहातीसाठी केलेली पितळी पाटी तिच्या हातात दिली, पुसत बस म्हणून. तेवढंच जमतं तिला."

"बरं. जाता जाता तेवढं ते कन्सोल बंद करा."

धाकटीनं बोटानं खटका खाली ओढला आणि पडदा काळा झाला. "गेलं असणार सगळं," ती सवयीनं पुटपुटली आणि दार आपटून निघून गेली.

पंचबाईंनी कन्सोल पुन्हा चालू केलं.

३

दादा खुर्चीत ऐसपैस बसला. "आता यात विचारायचं काय राहिलंय? चोराच्या उलट्या बोंबा तुम्ही ऐकल्याच असतील."

"पाटीवर काय लिहिलंय?"

प्रश्न अनपेक्षित होता. "कसली पाटी? ती होय. 'आठहाती. कल्पना आणि निर्मिती, आमचे वडील.' खाली माझं नाव, जतन केल्याबद्दल. उद्या मंचावर पाटीचं अनावरण आहे. का?"

"पार्लर चालायचं तेव्हा तुम्हीही तिथे बसायचात?"

"गल्ल्यावर. वडिलांचा नियम होता, टायमर संपला की वीज खाडकन बंद. पोरं बोंबलायची, पण पुन्हा टोकन घ्यायची." तो आठवणीनं हसला. मग हसू आवरून म्हणाला, "बहीण म्हणून मी आजवर पुष्कळ पोटात घातलं, पंचबाई. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, किती दिवस चालायचं?"

"भाषणाच्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"पहिल्या रांगेत. समितीच्या अध्यक्षांच्या शेजारी. विचारा."

"विचारलंय. तुम्ही शेवटपर्यंत हललाच नाहीत. जाता जाता तेवढं ते बंद करा."

दादानं वाकून भिंतीतली पिनच उपटली. तो गेल्यावर पंचबाईंनी ती परत खोचली.

त्याच्यानंतर टोपीवाला आला. जुन्या गेमचा मोठा संग्राहक, पण सगळे त्याला टोपीवालाच म्हणत, कारण त्याची टोपी घरातही उतरत नसे. हातात पांढरे सुती हातमोजे होते.

"मी कशाला चोरू?" तो म्हणाला. "मला ती तशीही मिळणारच होती. पोट नसलेली पेटी घेऊन मी काय करू? उलट माझंच नुकसान झालंय. माझ्याकडे खोली भरून कन्सोल आहेत, पण सगळी खोकी सीलबंद. एकही उघडलेलं नाही."

"एकदाही खेळला नाहीत?"

"खेळलं की वस्तूची किंमत उतरते, बाई."

"भाषणातून मधेच उठलात म्हणे."

"चहा प्यायला. चहावाला सांगेल. दोन कप घेतले, दुसरा कडू होता म्हणून त्याच्याशी भांडलो."

"बरं. ते कन्सोल तेवढं बंद करा जाताना."

टोपीवाला खटका शोधू लागला. आधी मागे बघितला, मग खाली. शेवटी त्यानं हातमोजा घातलेल्या बोटानं टीव्हीच बंद केला. "झालं," तो म्हणाला. कन्सोलचा लाल दिवा तसाच जळत होता.

पंचबाईंना हसू आलं, पण ते टिकलं नाही. दारात वहिनी उभ्या होत्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या, ते त्यांना कळलंच नव्हतं.

४

दादाची बायको मोजकं बोलणारी होती. ती खुर्चीच्या कडेवर बसली, पर्स मांडीवर घेतली आणि तिच्या चेनवर तळहात ठेवला. बोटांना पितळेच्या पॉलिशचा वास होता.

"मला मेलीला यातलं ओ की ठो कळत नाही," तिनं विचारायच्या आधीच सांगितलं. "ह्यांच्याबरोबर येते, डबे आणते, पाटी पुसते. सकाळी म्हणाले, 'पूस जरा, बोटांचे ठसे उठलेत.' पुसली."

"बराच वेळ पुसत होतात. मी बघत होते."

"डाग जात नव्हता."

"भाषणाला आला नव्हतात?"

"डोकं दुखत होतं. गाडीत जाऊन बसले होते."

"धाकटीनं हे केलं असेल, असं वाटतं तुम्हाला?"

वहिनींनी खांदे उडवले. "घरात हुशार तीच. तिलाच विचारा. मी कोण सांगणारी?" आणि मग जराशा कडवटपणे, "तुकडे करीन म्हणाली होती ना? बोललेलं कधी कधी खरं होतं."

"काळ्या यादीत गेली तर तिचं सगळंच जाईल, हे माहीत आहे ना?"

"जाईल." वहिनींचा हात पर्सवरून हलला नाही. "होते सवय."

पंचबाईंच्या ध्यानात आलं. काय चोरीला गेलं, कसं गेलं, सापडेल का, यातलं एक अक्षरही या बाईनं विचारलं नव्हतं. बाकी तिघं निदान चोरीवर चिडले तरी होते.

"बरं, या तुम्ही. आणि जाता जाता तेवढं ते कन्सोल बंद करा."

वहिनी उठल्या. मनानं त्या दाराबाहेर पोचल्या होत्या. डाव्या हाताचं बोट शेजारच्या रीसेटच्या बटणावर गेलं आणि ते दाबूनच राहिलं. उजव्या हातानं खटका खाली आला. मग डावं बोट सावकाश सुटलं. सगळं निमिषात झालं, पदर सावरावा तितक्या सहज.

वहिनी दाराशी पोचल्या आणि थबकल्या. त्यांनी वळून आपल्या बोटांकडे बघितलं, मग पंचबाईंकडे.

पंचबाई खुर्चीतून उठल्या.

५

कोपऱ्यातल्या टेबलाशी चौघं जमले. बाकीचे स्टॉलवाले आवराआवर करत करत कान देऊन होते.

"धाकटीनं काही केलेलं नाही," पंचबाई म्हणाल्या.

"पुरावा?" दादा ओरडला.

"सांगते. ओरडू नका, मला ऐकू येतं. धाकटीनं कन्सोल चालू ठेवलं होतं. पट्टी काढायची तर कोणालाही ते आधी बंद करावं लागलं असतं. बंद झालं, तरी गुण राहिले. तुम्ही पिन उपटता, तुमच्या हातून गुण जातात. धाकटी नुसता खटका ओढते, तिच्या हातून चारपैकी तीनदा जातात. टोपीवाल्यांना खटका कुठे असतो तेच माहीत नाही."

"अहो, जपून वापरतो मी," टोपीवाला पुटपुटला.

"वापरतच नाही. असो. या जुन्या कॅसेटचा एक कायदा होता. रीसेट दाबून धरायचं, मग वीज बंद करायची, मग रीसेट सोडायचं. म्हणजे गुण जागेवर राहतात. खोक्यातल्या पुस्तिकेत लिहिलेलं असायचं. धाकटी नंतरच्या यंत्रांवर शिकली, तिला हे कोणी सांगितलं नाही. तुमच्या पार्लरमध्ये टायमरच वीज तोडायचा, तिथे गल्ल्यावर बसणाऱ्याला याची गरजच नव्हती. ज्यानं असल्या यंत्राशी एकट्यानं, निवांत, महिनोन् महिने काम केलंय, त्याच्याच बोटांना ही सवय असते."

धाकटी तोंड उघडं टाकून ऐकत होती. "रीसेट दाबून? एवढंच?"

"एवढंच. पण चारपैकी एकदा गुण आपोआपही राहतात, म्हणून नुसत्या एवढ्यावर मी बोलले नसते. दुसरी गोष्ट बघा. पट्टी काढल्यावर पेटी पुन्हा बंद केली होती. चार घरांत चार वेगळे स्क्रू, आणि सगळे आपापल्या घरी, एकाचाही आटा दुखावलेला नाही. तुम्हाला ती बंदच करता आली नाही. धाकटीला तीनदा काढघाल करावी लागली. भाषण संपायच्या आत, घाईत, ते एका दमात कोणाला जमेल? पेटी ज्यानं जुळवली त्यालाच. म्हणजे चोरानं दुसऱ्याची पेटी उघडली नव्हती. स्वतःची उघडली होती."

"माझे वडील वारले!" दादा म्हणाला. "त्यांचं भूत आलं होतं का?"

"तुमच्या वडिलांनी ती बनवलीच नव्हती."

सगळ्यांच्या आधी दादाची मान झुकली. ती त्यानं लगेच वर केली, पण पंचबाईंनी पाहिलं. म्हणजे याला माहीत होतं.

वहिनींनी पर्सची चेन ओढली. मऊ फडक्यात गुंडाळलेली सर्किटची पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"वहिनी?" धाकटी पट्टीकडे बघत म्हणाली. "तू?"

"मी. लग्नाआधी तुमच्या पार्लरमध्ये टोकनं द्यायला होते मी. दुपारी गिऱ्हाईक नसायचं. मागच्या खोलीत बसून बनवली. पंख्याचे, रेडिओचे, मिळतील ते स्क्रू लावले, म्हणून चार घरचे चार. तू तेव्हा पाळण्यात होतीस."

"पण बाबा तर..."

"लोक विचारायचे, कोणी बनवली? मामंजी म्हणायचे, 'आम्ही.' मी लग्न करून या घरात आले. मग 'आम्ही'चं 'मी' झालं. ह्यांना म्हटलं, तर म्हणाले, घरातलंच आहे ना, तुझं काय नि माझं काय. गप्प बसले. मला काही कळत नाही असं म्हणत गेले, म्हणजे कोणी काही विचारत नाही. आज सकाळी ती पाटी पुसायला माझ्याच हातात दिली."

दादा इकडेतिकडे बघू लागला. "जुनी गोष्ट उकरून काढायची ही जागा आहे का? चार लोकांत?"

"चार लोकांतच मला चोर म्हणालास तू!" धाकटी त्याच्यावर धावली, आणि अर्ध्या वाटेत वहिनींकडे वळली. "आणि तू! तू गप्प उभी होतीस! माझं दुकान जात होतं, मी काळ्या यादीत जात होते, आणि तू पर्स धरून बघत होतीस!"

"हो." वहिनींनी तिच्या डोळ्याला डोळा दिला. "म्हटलं बघू, कसं वाटतं तुला. दुसऱ्याच्या हातचं काम आपल्या नावावर लागलं की."

धाकटी दोन पावलं मागे सरली.

६

"कोणाचंच नाव काळ्या यादीत जाणार नाही," पंचबाईंनी निकाल दिला. "आपल्या वस्तूची आपण चोरी करत नाही. मात्र वहिनी, गप्प राहून दुसऱ्याचा गळा कापू देणं, हे खोटं बोलण्याइतकंच वाईट. समितीसमोर जाऊन ते तुम्ही स्वतः सांगायचं."

"सांगेन."

"आणि मेळाव्याचा नियम असा, की बनवणाऱ्याची परवानगी नसेल तर यंत्र लावता येत नाही. आता तुम्ही ठरवा."

"पाटी मी बदलणार नाही," दादा म्हणाला. त्यानं ती टेबलावरून उचलून काखेत मारली. "मेलेल्या बापाची इज्जत चव्हाट्यावर मांडायला मी काही..." वाक्य पुरं न करता तो दाराकडे चालू लागला. टोपीवाला त्याच्या मागोमाग, "अहो, मग व्यवहार नक्की कोणाशी करायचा?" असं विचारत गेला.

टेबलाशी तिघी उरल्या. वहिनींनी धाकटीची सोल्डरिंग गन उचलली, टोक ओल्या स्पंजला लावून बघितलं. चर्र झालं.

"लावून देते," त्या म्हणाल्या. "पोरं उद्या आशेनं येतील. त्यांचं काय चुकलं?"

"तो पाटी बदलणार नाही, वहिनी. ओळखतेस ना त्याला?"

"पाटी कोणाला हवीय? लोकांनी काय, आज वाचलं, उद्या विसरले." त्यांनी पहिली तार सरळ केली. मग तिला डाग दिला. पुन्हा बोलल्या तेव्हा आवाज निराळा होता. "माझे अण्णा आहेत अजून. नव्वदीला टेकलेत. पार्लरमध्ये जाते म्हणून माझ्याशी बोलणं टाकलं होतं त्यांनी. ही पेटी बनवली तेव्हा धावत घरी गेले सांगायला. ते मामंजींना विचारायला आले. मामंजी म्हणाले, पोरगी मदतीला होती, टोकनं मोजायची. त्या दिवसापासून अण्णांच्या लेखी मी खोटारडी. अजूनही नातवंडांना सांगतात, तुमच्या आईला थापा मारायची सवय आहे."

"मग आता तू सांग ना त्यांना."

"माझं ते ऐकणार नाहीत. ज्या घरानं नाही म्हटलं, त्या घरातल्याच माणसानं हो म्हणायला हवं. ह्यांना किती वेळा म्हटलं. अण्णांकडे येतात, पुढच्या दिवाणखान्यात बसतात आणि हवापाण्याच्या गप्पा मारून उठतात."

पत्र्यातून धुराची बारीक रेघ निघाली. वहिनींनी फुंकर घातली.

धाकटी हाताची घडी घालून उभी होती. चेहऱ्यावरचा राग तसूभरही कमी झालेला नव्हता.

"मी तुला माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"मी कुठे मागितलीय?"

"सांगून ठेवते आपलं." तिनं त्या तारांकडे बघितलं. मग म्हणाली, "मी सांगेन त्यांना. मीही त्याच घरातली आहे."

"तू?" वहिनी कोरडं हसल्या. "उद्या मेळावा, परवा आवराआवर, मग तुझं दुकान. सांगशील कधीतरी. पिकलं पान आहे ते, कधीतरीपर्यंत टिकलं तर."

"आजच सांगेन. शब्द दिला."

"त्यांना कमी ऐकू येतं. आणि जेवण झालं की लगेच झोपतात."

"कळलं."

वहिनींनी मान खाली घातली आणि पुढची तार धरली. पंचबाईंनी दिवा त्यांच्या बाजूला सरकवला. एकामागून एक चार तारा लागल्या. सभागृहाच्या पलीकडच्या टोकाला दिवे विझवायला सुरुवात झाली होती.

"पाचवीची जागा जरा अवघड आहे," वहिनी म्हणाल्या. "अगं, ही पट्टी जरा धर गं." आणि त्यांनी न बघताच हात मागे केला.

पट्टी पंचबाईंनी धरली. धाकटीची बॅग टेबलाखाली नव्हती. बाजूचं दार हळूच ढकललं गेलं होतं आणि मिटत होतं. बाहेर स्कूटर सुरू झाली, जराशी अडखळली, आणि रस्त्याला लागली.